पन्नास शिड्यांपर्यंत

"अहो, हात हलवू नका ना. टाचणी घुसेल. दुसरा शर्ट नव्हता का घालायला, आजच्या दिवशी?"

जिन्यात, दाराच्या अलीकडे दोन पायऱ्यांवर, वहिनी दादाच्या मनगटाशी झटापट करत होती. कफाचं बटण घरून निघताना जागेवर होतं. कारखान्याचं फाटक ओलांडेपर्यंत ते कुठेतरी गळून पडलं होतं.

"आणि आत गेल्यावर लगेच मान डोलवायची नाही. कुणी काही म्हटलं की आधी थांबायचं. समोरच्याला वाटलं पाहिजे, की हे विचार करतायत."

"बरं."

"बघा, डोलवलीत."

दादा हसला. त्याचं हसू असं, की समोरच्याला आपला राग ठेवायला जागाच उरत नाही. वहिनीने टाचणी लावून कफ थोपटला. "चला. तुमच्या हक्काचं घ्यायला चाललोय आपण, कुणाचं उचलायला नाही."

खाली कारखान्यात रिबिटं ठोकण्याचा आवाज चालू होता. दादाच्या जन्माच्याही आधीपासून इथे शिड्या बनत होत्या. पूर्वी लाकडी, आता ॲल्युमिनियमच्या. आणि इतक्या वर्षांत करार असो, खरेदी असो, दुरुस्ती असो, कागदावर सही एकाच माणसाची. बाबांची. उद्या सकाळी बाबांचे दोन्ही गुडघे डॉक्टर बदलणार होते. दीड-दोन महिने ते कारखान्यात येणार नव्हते, आणि आल्यावरही हा जिना पूर्वीसारखा चढणार नव्हते. म्हणजे सहीचा अधिकार आज कुणालातरी द्यायला हवा होता. कुणाला, हे घरात महिनाभर कुणी विचारलं नव्हतं. थोरला मुलगा आहे म्हटल्यावर विचारायचं काय?

आत चिऊ आधीच येऊन बसली होती. चिऊ म्हणजे दादाची धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली, केस पिकले, सगळा कारखाना तिच्या एका हाकेवर चालतो, पण नाव चिऊ ते चिऊच. तिच्या शेजारी वकीलबाई, समोर टाइप केलेला ठराव. खिडकीपाशी आई, मांडीवर लोकरीचं विणकाम. बाबा टेबलाच्या टोकाला, दोन्ही पाय एका स्टुलावर ठेवून.

"या सूनबाई. बस रे तू. चहा सांगितलाय," बाबा म्हणाले. "वकीलबाई, वाचा."

वकीलबाईंनी चष्मा लावला. "ठराव क्रमांक एक. एका शिडीपर्यंतचा खर्च विभागप्रमुखांनी..." त्या थांबल्या. "साहेब, मी मागेही म्हटलं होतं. ठरावात शिडी असं लिहिता येत नाही. आकडा लिहावा लागतो."

"का लिहिता येत नाही? आम्ही तसंच मोजतो."

आणि ते खरंच तसं मोजत. बारा पायऱ्यांची घडीची शिडी हे त्या कारखान्याचं माप होतं. एका शिडीच्या किमतीपेक्षा कमी खर्च असेल तर ज्याचा त्याने करावा. एक शिडी ओलांडली की बाबांची सही. नवा दिवा अर्ध्या शिडीचा, ऑफिसची खुर्ची पाऊण शिडीची, खालचं कापायचं यंत्र तीनशे शिड्यांचं. कारखान्यात नव्याने लागलेला माणूस पहिला आठवडा गोंधळायचा, आणि महिन्याभरात घरी बायकोलाही म्हणायचा, की ही साडी दोन शिड्यांची झाली.

"शिडीची किंमत दरवर्षी बदलते, साहेब."

"म्हणजे मर्यादाही दरवर्षी आपोआप बदलेल. चांगलंच आहे की. तुमच्या आकड्याला ते जमणार आहे का?"

वकीलबाईंनी जरा विचार केला. मग समासात काहीतरी लिहिलं. "परिशिष्टात व्याख्या देते," त्या म्हणाल्या, आणि चिऊला वाटलं, बाई आता हरल्या. आता पुढच्या महिन्यापासून फीसुद्धा शिड्यांत सांगतील.

"पुढे. एक ते पन्नास शिड्या. दादासाहेब. त्यासोबत दुसरी सही, चिऊताई. पन्नासच्या वर, दादासाहेब, चिऊताई आणि मातोश्री, तिघांच्या सह्या. एका वर्षाहून लांब मुदतीचा कोणताही करार, रक्कम कितीही असो, वरील तिघे, आणि शिवाय तीन दिवसांचा अवधी."

"कसला अवधी?" वहिनीने विचारलं.

"सही करण्याआधी तीन दिवस थांबायचं."

"कशासाठी?"

वकीलबाईंनी चिऊकडे पाहिलं. चिऊने कपाकडे पाहिलं.

हा मसुदा चिऊनेच करून घेतला होता. तिला स्वतःला सही हवी होती, हे ती आरशासमोरही नीट म्हणायची नाही, पण हवी होती. यंत्राचा पट्टा तुटला की सगळे कामगार हात बांधून बसणार आणि ही कागद घेऊन बाबांना शोधत फिरणार, हे तिचं निम्मं आयुष्य. बाबांच्या दाढीला फेस असताना तिने सह्या घेतल्या होत्या. एकदा लग्नाच्या पंगतीत, कागदाला बाबांचा उष्टा हात लागू नये म्हणून डाव्या हाताने घेतली होती. ती बँकेने परत पाठवली. तिला सही मिळाली असती तर तिने कारखाना दुप्पट वेगाने चालवला असता. पण मला द्या म्हणायचं, तर दादाला का नको तेही सांगायला लागणार. आणि दादाबद्दल तसं बोलायला तिची जीभ वळत नव्हती. लहानपणी शिडीवर चढायला तिला त्याने शिकवलं होतं, स्वतः खाली दोन्ही हात पसरून उभा राहून. तेव्हा सांगण्याऐवजी तिने कुंपण घातलं होतं. एकावर एक, तीन-तीन पदरी.

"चिऊ, मी सरळ विचारते," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कडेला धार आली होती. "पन्नास शिड्यांच्या खर्चालासुद्धा यांच्या सहीजवळ तुझी सही कशाला? बाबांच्या सहीजवळ कधी कुणाची होती का?"

"तसं नाही वहिनी. हल्ली सगळीकडे दोन सह्याच असतात."

"सगळीकडे?"

"मोठ्या कंपन्यांमध्ये."

"आपण कधीपासून मोठी कंपनी झालो? परवा तर तू म्हणालीस, एवढ्याशा कारखान्याला वकील कशाला."

वकीलबाईंनी चष्मा पुसायला घेतला.

"अगं, असू दे ना," दादा म्हणाला. "चिऊची सही असली तर मला बरंच आहे. अक्षर चांगलं आहे तिचं."

"तुम्ही थांबा."

"हो."

"सूनबाईंचं बरोबर आहे," आई खिडकीजवळून म्हणाली. "आणि माझी सही कशाला ह्यात? मला पन्नासच्या वरचं काय कळतंय? मी आपली टाके मोजते."

"आई, तुझी सही नुसती मानाची," चिऊ म्हणाली.

"मानाची नको. मला मान आहे."

बाबांनी गुडघे चोळले. त्यांना स्वतःबद्दल लोक काय म्हणतात ते पुरतं ठाऊक होतं. म्हाताऱ्याला सही सोडवत नाही. पोरगं पंचावन्न वर्षांचं झालं तरी पेन स्वतःच्याच खिशात. बाजारात म्हणत, बँकेत म्हणत, सूनबाई तोंडावर म्हणत नसली तरी तिच्या जेवण वाढण्यात ते कळत असे. बाबांनी ते म्हणू दिलं होतं. हट्टी म्हातारा म्हणवून घेणं काही फार अवघड नसतं. वय झालं की ते आपोआप शोभतं.

त्यांनी समोर पाहिलं. भिंतीला लागून माशांची पेटी. निळा दिवा, बुडबुडे, सात-आठ नारिंगी मासे. शिड्यांच्या कारखान्यात माशांचं काय काम, हे पाहुण्यांनी विचारलं की बाबा म्हणत, मला हौस आहे. बाबांना माशांची अजिबात हौस नव्हती. कित्येक वर्षांपूर्वी एक माणूस पत्ता विचारायला आत आला होता. दादाने त्याला बसवलं, पाणी दिलं, त्याच्या धंद्याची चौकशी केली, आणि तासाभराने तो पेटी बसवून तिची निगा राखायचा पाच वर्षांचा शब्द घेऊन बाहेर पडला. बाबांनी सही केली. पाच वर्षं संपल्यावर त्या माणसाने पुन्हा पत्ता विचारला नाही, थेट दादालाच विचारलं. बाबांनी पुन्हा सही केली. नंतर शिडीच्या पायांचे रबरी बूट आले, सगळे गुलाबी, कारण विकणाऱ्याकडे तेच उरले होते आणि त्याच्या मुलीचं लग्न होतं. गुलाबी बुटांची शिडी बाबांनी 'खास शाळांसाठी' म्हणून खपवली. ती चक्क खपली! पोरगं दिलेला शब्द मोडणार नाही, आणि त्याच्या शब्दाखाली आपली सही नसली तर चार माणसांत त्याचं हसं होईल. म्हणून बाबा सही करत, आणि वर ऑफिसात ओरडून सांगत, "मीच घ्यायला सांगितलं होतं!"

आणि तोच मुलगा दुकानात उभा राहिला, तर एक शिडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चार घेऊन जायचं. कारण दादा ऐकायचा. छत किती उंच, घरात म्हातारं कोण, दिवा कोण बदलतं, सगळं ऐकायचा. माणसाचे गुण आणि दोष एकाच पायावर उभे असतात, असं काहीसं बाबांना वाटत होतं, पण ते बोलायचं म्हणजे आधी दोष बोलायला हवा.

"बाबा, तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाली. "यांच्यावर विश्वास नाही का कुणाचा?"

"विश्वासाचा प्रश्नच नाही," बाबा म्हणाले.

"प्रश्नच नाही," चिऊ म्हणाली.

"मुळीच नाही," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आईने खिडकीबाहेर मान काढली. "आज अंगणात एवढी माणसं का जमलीयत?"

खाली, भिंतीला टेकवलेल्या शिड्यांच्या रांगेपुढे तिघे उभे होते. एक ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पुरवणारा, एक खोकी छापून देणारा, आणि तिसरा माशांच्या पेटीवाला. तिघे एकमेकांकडे न बघता उभे होते, दवाखान्यात एकाच डॉक्टरची वाट बघावी तसे.

"बाबांच्या गुडघ्यांची चौकशी करायला आले असतील," दादा उठून बघत म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "बघा, माणसं किती धरून आहेत आपल्याला."

"तिघांच्याही काखेत फायली आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "गुडघ्यांच्या नसाव्यात."

म्हणजे उद्यापासून सही कुणाकडे जाणार, ते बाजाराला कळलं होतं, आणि बाजार सकाळीच रांगेत येऊन उभा राहिला होता.

"मी सांगून येतो त्यांना," दादा म्हणाला. "आज घरचं काम आहे, आज काही नाही म्हणून. दोन मिनिटं."

"दादा, मी जाते," चिऊ झटकन उठली.

"अगं बस. एवढं तर मला जमेल."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग अंगणात त्याचं ते मोठ्याने "या, या, या!" ऐकू आलं.

आईच्या सुया चालत राहिल्या. चिऊ ठरावाच्या कागदाचा कोपरा दुमडत होती आणि सरळ करत होती. बाबांनी डोळे मिटले होते. वहिनी एकेकाकडे पाहत होती, आणि कुणीच तिच्याकडे पाहत नव्हतं.

आपण काय मागतोय ते काय तिला कळत नव्हतं? तिच्या घरात तीन इस्त्र्या होत्या. दारावर आलेला विक्रेता बायको घरी नाही ना, एवढं बघूनच बेल दाबायचा. तिला सगळ्यांच्या आधीपासून माहीत होतं. पण हे लोक त्याला सांभाळून घेतात म्हणून बोलत नाहीत, आणि ती वेगळ्याच कारणाने बोलत नव्हती. लग्नाचं तिने विचारलं होतं. तिने. एका लायब्ररीत तो उंच कपाटांच्या शिड्या बसवायला आला होता, ती तिथे पुस्तकांवर शिक्के मारायची. चौथ्या दिवशी तिने विचारलं आणि तो लगेच "बरं" म्हणाला. इतकी वर्षं सुखात गेली, अगदी सुखात, पण नवऱ्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही असं एकदा तोंडाने कबूल केलं, तर मग त्या 'बरं'चं काय करायचं? म्हणून ती भांडत आली होती. माझ्या नवऱ्याला सगळं येतं. द्या त्याच्या हातात पेन.

दादा परत आला. धापा टाकत, खूश, हातात एक फाईल.

"गेले का?" आईने विचारलं.

"गेले. अगदी आनंदाने गेले."

"आनंदाने का?" चिऊने हळूच विचारलं.

"अगं, खोकीवाल्याला तसंच परत पाठवणं बरं दिसेना. सहा रंगांत छापतो म्हणतोय आपलं खोकं. नमुना कर म्हटलं. आणि पेटीवाल्याचं म्हणणं, खाली कामगारांनाही एक असावी. जेवायच्या सुट्टीत बघायला. ते मला पटलं."

"आणि ती फाईल?"

"हां. पट्टीवाल्याची. दोन वर्षं एकच भाव, बांधून देतोय. त्याची इच्छा आहे की बाबांची शेवटची मोठी सही त्याच्या करारावर व्हावी. डोळ्यात पाणी आलं हो त्याच्या."

चिऊने फाईल ओढून भावाचा आकडा पाहिला. "दादा, पट्टीचा भाव दर महिन्याला उतरतोय. आज बांधून घेतला तर दोन वर्षं आपण चढा भाव देत बसणार. दुसरे शिडीवाले स्वस्तात विकतील आणि आपली शिडी कोण घेईल? कामगारांना काय सांगू मी?"

"असं का? तो म्हणाला, वाढणार आहे."

"तू काय म्हणालास?"

"मी... हो म्हणालो."

बाबांनी डोळे उघडले. स्टुलावरचे पाय खाली घेतले, कण्हत थोडे पुढे सरकले, आणि खिशातलं पेन काढलं. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी फाईल स्वतःकडे वळवली. "मीच सांगितलं होतं त्याला ये म्हणून," ते म्हणाले. "भाव मला चालेल. कुठे करायची सही?"

वहिनीने कागदावर पंजा ठेवला.

"बाबा, नका करू."

"सूनबाई, अगं..."

"नका करू. पुष्कळ केल्यात." तिने हात उचलला नाही. ती दादाकडे वळली, आणि तिचा आवाज जिन्यातल्यासारखाच झाला, अगदी जवळचा. "अहो, तुम्हाला नाही म्हणता येत नाही. कुणालाच. बाबा पेन सोडत नाहीत ते त्यासाठी, चिऊने तीन-तीन सह्या मागितल्या त्या त्यासाठी. यांच्यापैकी कुणी तुम्हाला सांगणार नाही, तुमचा जीव दुखावेल म्हणून. मी सांगतेय."

आईच्या सुया थांबल्या. चिऊचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती. दादा खुर्चीत बसला. त्याने मान डोलवली नाही. तो बाबांच्या हातातल्या उघड्या पेनकडे पाहत राहिला.

"तरीच," तो म्हणाला. "मला वाटायचं, बाबांना मासे आवडतात."

बाबांच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा होता, हे आईलाच फक्त कळलं.

"वकीलबाई," दादा म्हणाला, "ती कुंपणं सगळी काढा. पन्नास शिड्यांपर्यंत चिऊ एकटी. त्याच्या वर चिऊ आणि बाबा, बाबांना बरं वाटेपर्यंत घरून. माझं नाव कुठेच नको. लोकांना येऊ देत माझ्याकडे, मी त्यांचं ऐकून घेईन, चहा देईन, आणि सांगेन की सही बहिणीची लागते. एवढं मला सांगता येईल, कारण ते खरं असेल."

"दादा, पण तू थोरला..."

"आहे की. ते काय ठरावाने बदलतंय?" त्याने बाबांच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावरून चिऊकडे सरकवलं. "पट्टीवाल्याला तूच फोन कर. आणि दुसऱ्या पेटीलाही नाही सांग. पहिली राहू दे मात्र. मला आवडतात ते मासे."

चिऊने पेन हातात घेतलं आणि नुसतं धरून ठेवलं. वकीलबाई समासात भराभर लिहू लागल्या.

दादा वहिनीकडे वळला. तिचा पंजा अजून त्या फाईलवरच होता.

"अगं, आता का रडतेस? झालं ना सगळं?"

"सगळं कुठे," ती म्हणाली. सासू-सासरे समोर होते, नणंद होती, परकी वकीलबाई होती, पण एकदा सुरू झालं ते थांबेना. "मग मलाही तुम्ही... मीही विचारलंच होतं ना तुम्हाला. मलाही नाही म्हणता आलं नसेल."

वकीलबाईंनी लिहिणं थांबवलं. दादा जरा लाजला. पंचावन्नाव्या वर्षी, सगळ्यांदेखत, कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"त्याच आठवड्यात तुझ्या त्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनेही विचारलं होतं," तो म्हणाला. "तिला नाही म्हणालो होतो. तू अजून विचारलं नव्हतंस ना."